साळूबाईंची परवानगी

"सर्व्हर म्हणजे गोदामातलं नट-बोल्टांचं पिंप नव्हे, मॅडम," नितीन साहेब म्हणाले आणि विजयमालाच्या अर्जावर त्यांनी चहाचा कप ठेवला.

साल एकोणीसशे नव्याण्णव. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीतला गिअरचा कारखाना. विजयमाला तिथं स्टोअर्समध्ये नऊ वर्षं क्लार्क होती. संगणक विभागात, म्हणजे ईडीपीत, एक जागा रिकामी झाली होती आणि ती तिला हवी होती. संध्याकाळचे क्लास करून तिनं नगरहून प्रमाणपत्र आणलं होतं. ते कपाच्या खालीच होतं.

"कप उचला, साहेब," ती म्हणाली. "आणि ऐका. तुमचा सर्व्हर जसाच्या तसा घरी उभा करून दाखवते."

"घरी? दोन कॉम्प्युटर आहेत का तुमच्याकडे?"

"एक आहे. त्याच्या पोटात दुसरा करीन."

नितीन साहेब इतके हसले, की शिपाई काय झालं म्हणून आत डोकावला.

पण ती थट्टा नव्हती. तसा एक प्रोग्राम नुकताच निघाला होता. कॉम्प्युटरच्या आत दुसरा कॉम्प्युटर असल्याचं तो असं बेमालूम सोंग आणायचा, की आतल्यालाही कळायचं नाही आपण कुणाच्या तरी आत आहोत. आतल्याचं नाव वेगळं, नेटवर्कवरचा पत्ता वेगळा. महिनाभर वापरून बघायची सीडी विजयमालानं मिळवली आणि घरी बाहेरच्या खोलीत ठाण मांडलं.

सासूबाई, साळूबाई, मटकी निवडत बघत होत्या.

"ह्याच्या पोटात दुसरा हाय म्हन्तीस?"

"होय, आत्याबाई."

"मग पोटुशी हाय म्हन की पेटी. कितवा लागलाय?"

सराव हुबेहूब व्हावा म्हणून विजयमालानं आतल्या सर्व्हरला कारखान्याच्या सर्व्हरचंच नाव दिलं, पत्ताही तोच दिला. घरातल्या घरात कुणाला अडचण? मग राहिली यादी: आत कुणी यायचं, कधी यायचं, कुणाला किती हक्क. साहेब लोकांची नावं घरात कशाला, म्हणून तिनं स्वतःचं घातलं, नवऱ्याचं, म्हणजे गोरक्षचं, घातलं आणि भर म्हणून चंद्री म्हशीचं घातलं.

"माझं नाव कुटाय?" साळूबाईंनी विचारलं.

"घालते की."

"हक किती?"

"साधे. सगळे हक्क एकालाच द्यायचे असतात."

"आन त्यो एक कोन? घर कुनाच्या नावावर हाय?"

घर साळूबाईंच्या नावावर होतं. नितीन साहेबांशी भांडणं सोपं होतं. विजयमालानं सगळे हक्क सासूबाईंना दिले आणि वेळेचं बंधन चालतं का बघायला बाकीच्यांना संध्याकाळी सहा ते आठ एवढीच मुभा ठेवली.

"आता मनातला एक आकडा दाबा. तो पासवर्ड. कुणाला सांगायचा नाही."

"तुला बी न्हाई?"

"मलाही नाही."

पुस्तकात तसं लिहिलं होतं म्हणून ती बोलून गेली. साळूबाईंनी मात्र ते मनावर घेतलं. त्या दिवसापासून काही बदलायचं असलं की त्या पिठाचे हात झटकून यायच्या, सुनेला भिंतीकडे तोंड करायला लावायच्या आणि एका बोटानं आकडे टोचायच्या.

मंगळवारी सकाळी पेटी गोधडीत गुंडाळून गोरक्षच्या टेम्पोतून कारखान्यात आली. ईडीपीच्या खोलीत नितीन साहेबांबरोबर मॅनेजर सूर्यभान साहेबही येऊन बसले. विजयमालानं पेटी चालू केली. आतला सर्व्हर उठला आणि नाव विचारत दार अडवून उभा राहिला.

"आत जाऊन दाखवा," सूर्यभान साहेब म्हणाले.

"आत्ता साडेदहा वाजलेत, साहेब. यावेळी मला परवानगी नाही. तेच दाखवायचंय. यादीत जे आहे ते तो पाळतो."

"वा! म्हणजे बंद दार दाखवायला आणलंय," नितीन साहेब म्हणाले आणि त्यांनी कारखान्याच्या नेटवर्कची वायर उचलली. "खरा सर्व्हर असेल तर जोडून बघू."

"जोडू नका, साहेब. आतल्याचा पत्ता तुमच्या सर्व्हरचाच आहे. भांडण लागेल."

"पत्ता बघितलाय मी. वेगळा आहे."

"तो बाहेरच्याचा."

"आतला-बाहेरचा असलं काही नसतं, मॅडम. समोर एक पेटी आहे, तिचा एक पत्ता आहे." आणि त्यांनी वायर खुपसली.

कारखान्याच्या सर्व्हरनं लगेच तक्रार केली, की माझा पत्ता दुसरं कुणीतरी सांगतंय. नितीन साहेबांकडे सगळ्या आजारांवर एकच काढा होता. त्यांनी सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. उठून बघतो तो आपल्या नावानं, आपल्या पत्त्यावर कुणीतरी आधीच बसलेलं. तो मुकाट्यानं बाजूला झाला. त्यानंतर कारखान्यातला प्रत्येक कॉम्प्युटर विजयमालाच्या पेटीला विचारू लागला, ह्यांना आत घेऊ का? पेटी यादी बघायची. यादीत तीन माणसं आणि एक म्हैस.

सूर्यभान साहेब केबिनमध्ये जाऊन परत आले. "मला ओळखत नाही म्हणतोय!"

तेवढ्यात गेटवरून फोन आला. पुण्याला जायचा ट्रक भरून उभा होता. गेटवरचा कॉम्प्युटर उघडत नव्हता, त्यामुळे पास छापता येत नव्हता. हातानं लिहिलेला पास चालणार नाही, असा हुकूम खुद्द सूर्यभान साहेबांनी गेल्याच महिन्यात काढून जुनी पासबुकं रद्दीत घातली होती. माल एकपर्यंत पोचला नाही तर पुण्याच्या कंपनीचं काम थांबणार होतं.

"वायर काढा!" सूर्यभान साहेब ओरडले.

विजयमाला पेटीसमोर उभी राहिली. "काढते. आधी रजिस्टरात लिहा, कुणी जोडली."

"मी काही लिहिणार नाही," नितीन साहेब म्हणाले.

"मग राहू द्या. नऊ वर्षांत नोंदीशिवाय एक नट हलू दिला नाही मी. ही वायरही हलणार नाही. आत्ता काढली, की उद्या सगळीकडे होणार, बाईनं सर्व्हर पाडला."

"अहो मॅडम, ट्रक..." सूर्यभान साहेब म्हणाले.

"मी नको म्हटलेलं तुम्ही ऐकलंत, साहेब. हो की नाही?"

सूर्यभान साहेबांनी ऐकलं होतं. त्यांनी कपाळ पुसलं. "या क्षणी आत कोण जाऊ शकतं?"

"साळूबाई."

"कोण साळूबाई?"

"माझ्या सासूबाई."

गोरक्षचा टेम्पो धुरळा उडवत गेला आणि वीस मिनिटांत परत आला. साळूबाई खुरपणीवरून उठून तशाच आल्या होत्या. हातात खुरपं होतं. गेटवरच्या खुर्चीत त्यांना बसवण्यात आलं.

"आजी, आकडा सांगा, आम्ही दाबतो," सूर्यभान साहेब नरमाईनं म्हणाले.

"न्हाई सांगायची."

"मी इथला मॅनेजर आहे."

"असाल. सुनंला सांगितला न्हाई, तुमाला सांगू व्हय? तोंडं फिरवा समद्यांनी."

मॅनेजर, वॉचमन, ट्रकचा ड्रायव्हर, सगळे पाठ करून उभे राहिले.

"त्यो चष्मेवाला बगतुया."

नितीन साहेबही फिरले. मागून टक, टक, टक असा आवाज आला. कॉम्प्युटर उघडला. वॉचमननं ट्रकचा नंबर भरला, प्रिंटर करकरला आणि पास बाहेर आला. सगळ्यात खाली, कॉम्प्युटर उघडणाऱ्याचं नाव येतं तिथं, छापलं होतं: परवानगी देणार, साळूबाई. वॉचमननं सवयीनं सलाम ठोकला. ट्रक गेला.

"झालं? माझं खुरपायचं ऱ्हायलंय," म्हणून साळूबाई टेम्पोत जाऊन बसल्या.

ईडीपीत विजयमाला अजून वायर राखून होती. नितीन साहेबांनी शेवटी रजिस्टर ओढलं आणि बारीक अक्षरात लिहिलं. विजयमालानं ते सूर्यभान साहेबांसमोर मोठ्यानं वाचलं: "मनाई केली असताना वायर मी जोडली." मग तिनं वायर काढली. पाच मिनिटांत कारखान्याचा सर्व्हर उठला आणि सूर्यभान साहेबांना ओळखू लागला. जागेबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. विजयमालानं पेटी गोधडीत गुंडाळली आणि ती स्टोअर्समध्ये जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या कंपनीतून सूर्यभान साहेबांना फोन आला. माल वेळेत पोचला होता, पण कागदांत एक दुरुस्ती हवी होती. "पासवर ज्यांचं नाव आहे त्या साळूबाई मॅडमना द्या जरा. नवीन आल्यात का?"

सूर्यभान साहेबांनी क्षणभर रिसीव्हरकडे बघितलं.

"मॅडम साइटवर आहेत," ते म्हणाले. "त्यांच्या सूनबाईंशी बोला. ईडीपीत देतो फोन."

मधेच ऑपरेटर पोरगी म्हणाली, "साहेब, विजयमालाताई स्टोअर्समध्ये असतात."

"कालपर्यंत," सूर्यभान साहेब म्हणाले. "जा, बोलावून आण. आणि नितीनला सांग, खुर्ची रिकामी करून ठेव."