हॅलोरावांना लाईन मिळत नाही

लॅपटॉपमध्ये सगळं नीट चाललेलं होतं, आणि मुळात हीच हॅलोरावांची अडचण होती.

नीट चाललेल्या वस्तूला हात लावू नये, हे शहाणपण त्यांच्याकडे पंखा आणि मिक्सर यांच्यापुरतंच होतं. (तेही बायकोने शिकवलेलं, एक मिक्सर कामी आल्यावर.) लॅपटॉप मात्र घरात नवा होता. नवा म्हणजे मेहुण्याने वापरून वापरून यांच्या गळ्यात मारलेला. इंटरनेट फोनच्या तारेतून धापा टाकत घरात यायचं, त्या काळातली ही गोष्ट. या लॅपटॉपच्या पोटातच मोडेम होता. फोनची वायर खुपसून बटण दाबलं की तो नंबर फिरवायचा, पलीकडच्या यंत्राशी मिनिटभर किंचाळून भांडायचा आणि मग पत्रं यायची-जायची. मेहुण्याने हे सगळं बसवून दिलं होतं.

हॅलोराव हे अर्थातच कचेरीने ठेवलेलं नाव. बावीस वर्षं ते एका मोठ्या कचेरीत टेलिफोनच्या बोर्डावर ऑपरेटर होते. कोणाला कोणाशीही जोडून देणं हा त्यांच्या हातचा मळ. त्यांच्याकडे एक काळी डायरी होती, आणि कुठलाही नंबर, अगदी स्वतःच्या घरचासुद्धा, लिहायची वेळ आली की ते डायरी उघडून, चष्मा लावून उतरवून घेत. पाठांतरावर विसंबायचं नाही, हा बोर्डाचा पहिला नियम. बोर्डावर येणाऱ्या चुकून लागलेल्या गिऱ्हाइकांना ते दिवसातून पन्नास वेळा लोण्यासारख्या आवाजात सांगत, "कृपया आपला नंबर एकदा तपासून घ्या."

बायको शाळेत गाणं शिकवायची. शाळा तिला बाई म्हणायची, आणि हॅलोरावसुद्धा मनातल्या मनात बाईच म्हणायचे. कान असा तिखट, की वरच्या मजल्यावरचा नळ कोणत्या सुरात गळतोय ते ती भाजी चिरता चिरता सांगे. मोडेमचं किंचाळणं तिला पहिल्याच दिवशी सहन झालं नव्हतं. "अहो, कोणाचा गळा दाबताय तिकडे?" असं तिने विचारलं होतं, आणि मेहुण्याने लगेच मोडेमचा आवाज बंद करून टाकला होता.

तर एका रविवारी मेहुणा एक सीडी घेऊन आला आणि बसायच्या आधीच म्हणाला, "भावजी, तुम्ही गुलाम आहात."

"हे तुला आज कळलं?" हॅलोराव स्वयंपाकघराकडे नजर टाकत म्हणाले.

"ताईचे नाही हो! कंपन्यांचे. ही बघा, कॉम्प्युटर चालवणारी मोकळी प्रणाली. ओपन सोर्स. आतलं सगळं उघडं, कोणीही वाचावं, कोणीही दुरुस्त करावं."

हॅलोरावांनी आजवर काहीही दुरुस्त केलेलं नव्हतं. पण 'कोणीही' या शब्दात आपलाही समावेश होतो, हा विचार त्यांना फार आवडला. दुपारच्या चहापर्यंत जुनी प्रणाली पुसून झाली होती आणि नवी बसली होती. पडदा छान निळा दिसत होता. पत्ते खेळता येत होते. फक्त मोडेम आहे की नाही, याचा नव्या प्रणालीला पत्ताच नव्हता.

"ते काय, दहा मिनिटांचं काम," मेहुणा चपला घालत म्हणाला. "सगळं लिहिलेलं आहे. वाचा फक्त." तो नकाशे काढणाऱ्या खात्यात होता. दुसऱ्या दिवशी तो तीन आठवड्यांसाठी जंगलात मोजणीला निघून गेला, जिथे फोन नव्हता. (त्याने तारीख विचारपूर्वक निवडली होती, असं हॅलोरावांचं आजही मत आहे.)

सोमवारी बाई शाळेतून आली ती हातात एक कागद घेऊन. शिक्षकांना शिकवणाऱ्या कॉलेजात संगीत विभागाला प्रमुख हवी होती. अर्ज ईमेलनेच पाठवायचा, पुढच्या आठवड्यातल्या शनिवारी दुपारी बारापर्यंत.

"एकोणीस वर्षं झाली," ती म्हणाली, "चाळीस पोरांना एका सुरात आणते, आणि ती पोरं घंटा झाली की तो सूर वर्गातच टाकून पळतात. एकदा तरी ज्यांना शिकायचंय त्यांना शिकवू दे मला." मग जरा थांबून म्हणाली, "कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून पाठवते."

"कॅफेतून? घरात इंटरनेट असताना? मी आहे ना!"

बाईने त्यांच्याकडे पाहिलं. त्या नजरेत मिक्सर होता. तरी हॅलोरावांनी त्याच संध्याकाळी तिचा अर्ज स्वतःच्या हाताने टाईप केला. नाव, शिक्षण, अनुभव, डायरीतून घरचा फोन, लेटरहेडवरून आपल्या कचेरीचा फोन. एकही चूक नाही. आता फक्त पाठवायचा बाकी होता.

मंगळवारी त्यांना कळलं की लॅपटॉपच्या पोटातला मोडेम हा पुरता मोडेम नसतोच. तो अर्धाच असतो. उरलेलं अर्धं काम प्रणालीने करायचं असतं, आणि ते कसं करायचं हे मोडेमवाल्या कंपनीने फक्त जुन्या प्रणालीच्या कानात सांगितलेलं असतं. कुण्या भल्या माणसाने त्यावर उतारा लिहून इंटरनेटवर ठेवला होता. म्हणजे इंटरनेट मिळायला जे हवं ते इंटरनेटवर होतं.

हॅलोराव मुकाट्याने कोपऱ्यावरच्या कॅफेत गेले.

ती फाईल फ्लॉपीत मावेना, बोटभर राहिली. दोन तुकडे करून दोन फ्लॉप्यांवर आणली. घरी आल्यावर लॅपटॉप म्हणाला, ही फाईल चालवायला अमुक फाईल हवी. पुन्हा कॅफे. मग लॅपटॉप म्हणाला, अमुक मिळाली, पण ती तमुक आवृत्तीची हवी. पुन्हा कॅफे. कॅफेवाला त्यांना ओळखू लागला, खुर्ची पुसून देऊ लागला. शुक्रवारी त्याने चहा मागवला.

"अहो," बाईने त्या दिवशी विचारलं, "आज कितव्यांदा गेला होता कॅफेत?"

"सातव्यांदा. का?"

"काही नाही. सात वेळा कॅफेत गेलात, तेव्हा एकदा जाताना माझा अर्ज नेला असतात तर?"

या प्रश्नाला उत्तर आहे हे हॅलोरावांना माहीत होतं आणि ते उत्तर देण्यासारखं नाही हेही माहीत होतं. "आता घोडं अगदी पाण्याशी आलंय," एवढंच ते म्हणाले.

"पाण्याशी आलंय की बुडालंय?"

शनिवारी त्यांनी इंटरनेटवरच्या जाणकारांना प्रश्न विचारला. (कॅफेतून. आठवी खेप.) पहिल्याने लिहिलं, हा प्रश्न आधी विचारून झाला आहे, शोधा. दुसऱ्याने लिहिलं, हा मोडेम फेकून द्या. तिसऱ्याचं लांबलचक उत्तर पाहून हॅलोरावांचे डोळे भरून आले, पण तो दुसऱ्याशी भांडत होता. फेकून द्या हे उत्तर त्यांना मनापासून पटलं होतं. मात्र मोडेम लॅपटॉपच्या पोटात होता, आणि बाईचा अर्जही लॅपटॉपच्याच पोटात होता.

रविवारभर ते काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी लिहीत आणि 'परवानगी नाकारली' हे लॅपटॉपचं उत्तर वाचत बसले. एका ओळीत एक टिंब राहिलं म्हणून तीन तास गेले. जेवताना त्यांनी भाताकडे पाहून "परवानगी नाकारली" असं म्हटलं, तेव्हा बाईने त्यांच्या पानात वरण वाढलं. आपण आयुष्यभर दुसऱ्यांची वायर तिसऱ्यात खुपसत आलो, आपल्याला स्वतःला काही येत नाही, हे त्यांना त्या जेवणात फार जाणवलं. खरंच वाईट वाटलं.

आणि सोमवारी मोडेम दिसला! प्रणालीने त्याला ओळखलं, नाव घेऊन हाक मारली. हॅलोरावांनी डायरी उघडली, इंटरनेटवाल्यांचा नंबर काळजीपूर्वक उतरवला, बटण दाबलं. बाईसाठी आवाज त्यांनी इथेही बंदच ठेवला होता; मोडेम बिचारा मुकाट्याने नंबर फिरवू लागला. मिनिट गेलं आणि पडद्यावर उमटलं: जोडणी झाली नाही.

मंगळवारीही झाली नाही. बुधवारी, गुरुवारी नाही. हॅलोरावांनी वेग कमी केला, वायर बदलली, लॅपटॉपचं तोंड खिडकीकडे केलं. नंबरच बदलला असेल म्हणून घरच्या फोनवरून हाताने फिरवून पाहिला, तर पलीकडून मोडेमची खणखणीत किंकाळी आली. म्हणजे नंबर बरोबर, पलीकडचे जिवंत, दोष यांच्याकडेच. शुक्रवारी बाई आपण होऊन म्हणाली, "फ्लॉपीवर द्या अर्ज. उद्या सकाळी कॅफेत जाते." हॅलोरावांनी फ्लॉपी तिच्या हातात ठेवली. बावीस वर्षांत एवढं छोटं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

शनिवारी सव्वाअकराला बाई परत आली. फ्लॉपी हातात तशीच. कॅफेच्या शटरवर चिठ्ठी होती, 'घरगुती कारणाने आज बंद'. शाळेचं ऑफिस बंद. बसने दुसरा कॅफे गाठेपर्यंत बारा वाजून जाणार. ती खुर्चीत बसली आणि पदराने चेहरा पुसला. घाम होता की आणखी काही, हे हॅलोरावांना विचारवलं नाही.

"ओरड माझ्यावर," ते म्हणाले. "भांडं फेक. काहीतरी कर."

"ओरडून अर्ज जाणार आहे का?" मग ती लॅपटॉपजवळ सरकली. "लावा बरं ते पुन्हा. आवाज सुरू करून."

"तुला सहन होत नाही म्हणून तर—"

"बावीस वर्षं बरंच काही सहन केलंय. लावा."

हॅलोरावांनी आवाज सुरू केला. मोडेमने नंबर फिरवला, टणटणटण सूर वाजले, आणि मग एका बाईचा लोण्यासारखा आवाज आला. नोंदवून ठेवलेला, थंड, सभ्य. "कृपया आपला नंबर एकदा तपासून घ्या."

"नंबर बरोबर आहे!" हॅलोराव लॅपटॉपवर ओरडले. "हाताने फिरवलाय मी!"

"फिरवा हाताने," बाई म्हणाली.

त्यांनी फोन उचलला. बोटं आपोआप चालली. बाई डोळे मिटून ऐकत होती. "आता पुन्हा यंत्राने." यंत्राने पुन्हा फिरवला. बाईने डोळे उघडले.

"तुमच्या हातचे सूर सात. यंत्राचे आठ. पुढचे सातही तेच आहेत, सुरुवातीचा एक जास्तीचा आहे."

हॅलोरावांनी डायरी पाहिली. मग पानं उलटली. डॉक्टर, गॅसवाला, सासुरवाडी, सगळ्यांच्या आधी शून्य. बोर्डावरून बाहेरची लाईन घ्यायची तर आधी शून्य दाबावं लागतं, आणि बावीस वर्षं ते प्रत्येक नंबर शून्यासकटच लिहीत आले होते. घरच्या फोनवर बोटं ते शून्य गाळत. बोटांना कळत होतं. मोडेम सोमवारपासून ठणठणीत होता, सांगितलेलं सगळं इमानदारीने करत होता.

शून्य खोडलं. अकरा वाजून पंचेचाळीस. मोडेमने सात सूर वाजवले आणि असा काही किंचाळला, की हॅलोरावांना रडू फुटलं. बाईने कानावर हात ठेवले नाहीत. अकरा बावन्नला अर्ज गेला.

"लागली हो लाईन!" हॅलोराव म्हणाले.

"लागली," बाई म्हणाली आणि पहिल्यांदाच हसली. त्या दुपारी हॅलोरावांनी स्वतःला माफ करून टाकलं. डायरीतलं एकेक शून्यही खोडायला घेतलं, पण सहाव्या पानावर डोळा लागला.

पुढच्या गुरुवारी कचेरीत बोर्डावर बाहेरून फोन आला. कोणी खणखणीत आवाजाच्या बाई होत्या.

"कॉलेजातून बोलतेय. संगीताच्या जागेसाठी ज्यांचा अर्ज आलाय, त्यांचे मिस्टर आपल्याकडे असतात ना? मुलाखत उद्याच आहे, आणि अर्जातल्या घरच्या नंबरवर सोमवारपासून फिरवतेय, तर एक बाई सारखी सांगते की नंबर तपासून घ्या! आमच्या समितीला त्यांचा अर्ज सगळ्यात आवडलाय, नाहीतर कधीच नाद सोडला असता."

बावीस वर्षांचा सराव म्हणून हॅलोरावांचा आवाज तेवढा लोण्यासारखा राहिला. "मॅडम, त्यातलं पहिलं शून्य काढा. लागेल."

"असं होय! शून्य कशाला लावलं मग? अर्ज भरला कुठल्या गाढवाने?"

"आहे एक," हॅलोराव म्हणाले. "लाईनवरच आहे."