फुलपाखरांचं हळदीकुंकू

पडद्याच्या फटीतून गल्ली बघायची मोहिनीला सवयच लागली होती. दिवाळीनंतर ते पिपरी मेघे गावात राहायला आले, तेव्हापासून बेल वाजली की एक तर दूधवाला, नाहीतर कुरिअर. नवरा निकेश बियाण्यांच्या कंपनीत; सोमवारी टूरवर गेला की शनिवारीच उगवायचा. चार वर्षांची आचल दिवसभर उशीशी बोलायची. परवा तर ती उशीवर रुसली.

गल्लीत मुलं तर असणारच. समोरच्या पोर्चमध्ये तीनचाकी सायकल, पलीकडे छोटा झोपाळा, कोपऱ्यावरच्या घरात प्लास्टिकची बॅट. शाळा-क्लासमुळे दिसत नसतील बिचारी. शेवटी तिने धीर करून गल्लीच्या ग्रुपवर मेसेज टाकला, पुसला, परत टाकला : ‘रविवारी चार वाजता आमच्या घरी मुलांसाठी फुलपाखरू कार्यक्रम. येणाऱ्या प्रत्येकाला छोटीशी भेट.’

या रविवारीही टूरवरच असणारा निकेश फोनवर म्हणाला, “कोनी नाई आलं त मनाले लावून नको घेजो.”

“तू नेहमी असंच बोलतो,” म्हणत तिने रात्रंदिवस कागदी पंख कापले. पंखांचा रंग वाळल्यावर चमकावा म्हणून त्यात भरपूर डिंक घातला, आणि लाल नि पिवळा रंग दोन वाट्यांत काढून, ताटात ठेवून, ताट दाराशी मांडलं.

रविवारी चारला बेल वाजली. दारात काळ्या साडीत, गजरा माळून, कोपऱ्यावरच्या प्रमिलाबाई. मागे तशाच नटलेल्या आणखी बायका. मूल एकही नाही.

“या ना काकू. पण मुलं...?”

“हळदीकुंकवाले पोट्टे कायले व?” प्रमिलाबाई हसल्या आणि सवयीने ताटाकडे वळल्या.

संक्रांत होऊन गेलेली, रथसप्तमी यायची. नव्या बिऱ्हाडाने या दिवसांत चार वाजता बोलावलं, वर भेट देते म्हटलं, तर मधलं कोण वाचतं? मोहिनी तोंड उघडेपर्यंत प्रमिलाबाईंचं बोट वाटीत बुडालं होतं.

“ओलं काऊन हाय हे?” त्यांच्या शेजारी उभ्या बाईने कपाळ पुढे करत विचारलं.

“नवीन पद्धत असन,” प्रमिलाबाई म्हणाल्या.

बघता बघता सगळ्यांची कपाळं रंगली. मोहिनीला घाम फुटला. “काकू, तो रंग आहे. डिंक घातलाय. निघणार नाही लवकर!”

बायकांनी एकमेकींची कपाळं बघितली. मग प्रमिलाबाई म्हणाल्या, “बरं हाय ना मंग. निघू नये म्हनूनच त लावतेत.”

हसण्याने घर भरलं, तरी आचलचा चेहरा उतरलेलाच. “मम्मी, माझे फ्रेंड कुठं आहेत?”

“इथं कोनाचे पोट्टे हायेत, माय?” पलीकडच्या झोपाळ्यावाल्या बाई म्हणाल्या. “माहे पुन्याले, ह्या प्रमिलाबाईचे हैदराबादले. नातवंडं सुट्ट्यांत येतेत, म्हनून सायकली पुसून ठेवतो आमी.”

इतके दिवस पडद्याआडून आपण नुसती पुसून ठेवलेली खेळणीच मोजत होतो तर. मोहिनी खाली बसली.

तेवढ्यात फाटकाशी कुणीतरी घुटमळताना दिसलं. तीनचाकी सायकलवाल्या शकुंतलाबाई. साधी पांढरी साडी, मोकळं कपाळ. आतली कपाळं पाहून त्या मागे वळल्या.

“काकू, या ना!”

“नाई बाई. मी मेसेज पुरा वाचला होता. फुलपाखरू लिवलं होतं, म्हनून आली. हळदीकुंकवाले मी कुठं जातो आता?”

आतल्या बायका चुळबुळल्या. कुणी पदर सारखा केला, कुणी भिंतीकडे बघितलं. आचलला मात्र फुलपाखरासाठी आलेलं पहिलंच गिऱ्हाईक मिळालं होतं. तिने शकुंतलाबाईंना हात धरून आत ओढलं, खाली बसवलं आणि वाटीत बुडवून पिवळं झालेलं बोट थेट त्यांच्या गालावर टेकवलं. मोहिनी अडवायला उठली. बोट सावकाश फिरलं. एक पंख झाला. आचल मान तिरकी करून बघत राहिली.

शकुंतलाबाईंनी दुसरा गाल पुढे केला. “एका पंखानं कसं उडन व ते? इकडं काढ.”

मग काय, प्रमिलाबाईंनी चमकीची डबी पळवली, दुसऱ्या दोघींची कात्रीवरून जुंपली. दिवेलागणीला बायका कागदी फुलपाखरं घेऊन गेल्या आणि घर पुन्हा पहिल्यासारखं रिकामं झालं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. शकुंतलाबाई.

“या काकू, बसा. चहा टाकते,” मोहिनीचा आवाज आनंदाने चिरकला.

“तुमच्यापाशी काम नाई बाई माहं. आचल हाय काय घरी? खेळाले आली मी.”

दोघी पलंगाखाली घर मांडून बसल्या. मोहिनीने चहा केला, दोनदा गाळला, दाराशी उभी राहिली. शेवटी म्हणाली, “मी पण येऊ?”

“नको मम्मी. आम्ही दोघीच खेळतोय.”

मोहिनी कप घेऊन मागे वळली. पलंगाखालून दबका आवाज आला.

“घे ना व तिलेई. तिलेई कोनी नाई इथं.”

आत बराच वेळ विचारविनिमय झाला.

“बरं, ये,” आचल म्हणाली. “पण तू बाळ हो.”