टर्रमामाचा हरवलेला आवाज

"गुन्हेगार मला बघून पळत नाही, उद्धव. जागच्या जागी थिजतो. पळून उपयोग नाही, हे त्याला माझ्या कपाळावरूनच कळतं. गोदावरीला पूर येतो तेव्हा ती काठावरच्या लोकांना विचारून येते का? तसा माझा मेंदू. एकदा भरला की नांदेड, परभणी, लातूर, सगळं पाण्याखाली!"

बोलता बोलता दयानंदरावांनी बिस्किट चहाऐवजी शिक्क्याच्या शाईत बुडवलं आणि खाल्लं. उद्धवनं पाहिलं, पण तो काही बोलला नाही. बोलून उपयोग नसतो, हे त्यालाही कपाळावरूनच कळत असे.

उद्धव त्यांचा सख्खा मेव्हणा. बहिणीनं त्याला बजावून ठेवलं होतं, "तुझ्या दाजींना गुप्तहेर व्हायचंय तर होऊ दे. पण एकटं सोडू नको. रस्ता ओलांडताना त्यांचं ध्यान नसतंय." म्हणून उद्धवनं नांदेडच्या वजिराबादेतल्या आपल्या झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला पडदा लावला आणि त्यामागे दाजींना टेबल मांडून दिलं. पडद्यावर पाटी होती : ‘दयानंद तपास संस्था. संशयितांनी चपला बाहेर काढाव्यात.’ संस्थेचं आजवरचं मोठं यश म्हणजे एक हरवलेली शेळी. ती सापडली, पण दुसऱ्याचीच निघाली, आणि तो दुसरा पोलिसांत गेला.

त्या दिवशी पडदा सरकवून दोन माणसं आत आली. एक तरुण, दाढीवाला. दुसरा साठीचा, आडव्या अंगाचा, कपाळावर विभूतीचे पट्टे. इतका गंभीर चेहरा उद्धवनं मयतीतसुद्धा पाहिला नव्हता. आणि तरी त्या चेहऱ्याकडे बघताच त्याला हसू फुटलं.

"दाजी, हे टर्रमामा हायत!"

मराठवाड्यात टर्रमामा ठाऊक नाही असं घर नव्हतं. पंधराएक वर्षांपूर्वी लातूरच्या लोकल केबलवर ही मालिका लागायची. मामा म्हणजे गावातला वजनदार माणूस. सोयरीक जुळवायची असो, भाषण असो की सांत्वन, मामा उठणार, घसा खाकरणार, आणि ऐन वाक्याच्या मध्यात खालून आवाज येणार : टर्रऽऽ. मामाच्या चेहऱ्यावरची माशी हलायची नाही. तो वाक्य पुरं करूनच बसायचा. शिकलेल्या लोकांनी मालिकेचा कडक निषेध केला होता, आणि कुठल्या भागात काय घडलं हे तपशीलवार सांगून केला होता.

"मी अंबरीश," दाढीवाला म्हणाला. "दिग्दर्शक. टर्रमामावर सिनेमा करायलो. मला त्यातून ग्राम्यतेचं सौंदर्यशास्त्र मांडायचंय."

"म्हंजी पादणंच ना?" मामांनी विचारलं. त्यांचं खरं नाव भीमाशंकर. लातूरच्या गंजगोलाईत भांड्यांचं दुकान होतं.

"हो काका. तेच."

अडचण अशी होती की तो मूळ आवाजच उरला नव्हता. केबलवाल्यांनी गाशा गुंडाळला तेव्हा सगळ्या कॅसेट एका खोलीत टाकल्या आणि त्यांना वाळवी लागली. नवे आवाज करून पाहिले. मग त्यातला बरा निवडून लोहा गावात चार लोकांना थोडा भाग दाखवला. कुणी हसलं नाही. एकानं फक्त विचारलं, "मामाला बरं न्हाई का?"

"निर्माते श्रीशैलशेठ उदगीरचे," अंबरीश म्हणाला. "डाळमिल आहे त्यांची. मालिकेला पहिली जाहिरात त्यांनीच दिली होती. ते म्हणतात, आठवड्यात तो आवाज सापडला नाही तर मुंबईचा देखणा हिरो घेऊ आणि स्वच्छ कौटुंबिक सिनेमा काढू. त्यात मामा स्वच्छतेवर भाषण देणार."

भीमाशंकर टेबलाकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "म्या जन्मभर भांडी विकली सायब. पातेल्याला गिऱ्हाईक ओळखतंय, मला न्हाई. हे एकच काम आसं केलं की परक्या गावात लोकं हात धरून चहाला नेत्यात. आन त्यो आवाज आल्याबिगर माजा चेहराच हुत न्हाई. वाट बघत बसतोय."

उद्धवचं हसू विरलं. दयानंदराव उठले. त्यांचे ओठ शाईनं जांभळे झाले होते.

"प्रकरणाला वास येतोय," ते म्हणाले.

अंबरीशला वाटलं हा विनोद आहे. तो नव्हता.

मूळ आवाजाची एकच खूण शिल्लक होती : उद्धवच्या जुन्या मोबाइलमधली रिंगटोन. थिएटरच्या मोठ्या स्पीकरवर ती पत्रा फाटल्यासारखी ऐकू आली असती, पण ओळख पटवायला पुरेशी होती. दयानंदरावांनी ती डोळे मिटून पुन्हा पुन्हा ऐकली. बाहेर झेरॉक्सला आलेल्या एक बाई कागद तिथंच टाकून निघून गेल्या.

"पितळ!" दयानंदराव ओरडले. "हे पितळी वाद्य आहे."

मग ते दोघं लग्नाच्या बँडवाल्याकडे गेले. बँडवाल्यानं सगळ्यात मोठं वाद्य अंगाभोवती चढवलं, गाल फुगवले आणि जीव तोडून फुंकलं. आवाज असा निघाला की रस्त्यावरचे दोन म्हातारे सावधान उभे राहिले. पण रिंगटोनशी तो जुळला नाही.

"मग प्राणी," दयानंदराव म्हणाले. "माणसाच्या आतड्याला हा पल्ला झेपणार नाही. म्हैस, उद्धव. दुभती."

लोह्याजवळच्या एका गोठ्यात ते माइक घेऊन म्हशीच्या मागे बराच वेळ उभे राहिले. उद्धव म्हणाला, "दाजी, जरा बाजूला थांबा." दाजी म्हणाले, "पुराव्याला पाठ दाखवायची नसते." पाठ म्हशीची होती. पुरावा मिळाला, पण आवाजाच्या स्वरूपात नाही. त्यांचा सदरा उद्धवनं वाटेतल्या हापशावर धुतला.

शेवटी उद्धवनंच सुचवलं की मालिकेचा आवाज ज्यानं रेकॉर्ड केला त्यालाच विचारावं. दयानंदराव म्हणाले, "हे फार सोपं झालं," आणि नाइलाजानं मोटारसायकलवर बसले.

तो रेकॉर्डिंगवाला मल्लेश आता देगलूरला मंडप आणि स्पीकर भाड्यानं द्यायचा. त्यानं दोघांना चहा पाजला. मूळ आवाजाचं नाव निघताच मात्र त्यानं कानाच्या पाळ्या धरल्या.

"ते सोडून कायबी इचारा. मानसाच्या इज्जतीचा सवाल हाय. लई मोठा मानूस हाय सायब. म्या त्यास्नी देव मानतो."

परतीच्या वाटेवर दयानंदराव मागच्या सीटवर बसून थरथरत होते.

"माणूस! मी पहिल्यापासून म्हणत होतो."

"तुम्ही म्हैस म्हणत होताव दाजी."

"मोठा माणूस, उद्धव! ज्याला इज्जत आहे असा. मालिकेशी ज्याचा पहिल्यापासून संबंध आहे असा. आणि ज्याच्याकडे..." त्यांनी उद्धवचा खांदा इतका दाबला की गाडी साइडपट्टीवर उतरली. "डाळ! उदगीरची डाळ!"

"दाजी, नको," उद्धव म्हणाला. पण गोदावरी भरली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी लातूरला भीमाशंकरांच्या घरी सगळे जमले. रहस्याचा उलगडा नेहमी सगळ्यांना एका खोलीत बसवूनच करायचा असतो, असं दयानंदरावांचं मत होतं. श्रीशैलशेठ पांढऱ्या सफारीत सोफ्यावर बसले होते. शेजारी अंबरीश. समोरच्या खुर्चीत भीमाशंकर, हात मांडीवर ठेवून, निकालाची वाट बघत बसलेल्या पोरासारखे. त्यांच्या पत्नी गंगम्मा आत पाहुण्यांसाठी चुरमुरे भिजवून सुशीला परतत होत्या. मोहरीची फोडणी तडतडत होती.

दयानंदरावांनी खोलीला दोन चकरा मारल्या.

"आवाज हवेत विरतो, मंडळी. पण हवा कुठून निघाली, हे विरत नाही. ज्याच्या घरी डाळीचे डोंगर आहेत, जो सकाळ-संध्याकाळ डाळीत वावरतो, त्याच्याशिवाय हा आवाज दुसऱ्या कुणाचा असणार? श्रीशैलशेठ, गुन्हा कबूल करा. इथं सगळी आपलीच माणसं आहेत."

श्रीशैलशेठ उठून उभे राहिले. आधी त्यांचे कान लाल झाले, मग मान.

"माझ्या मिलच्या डाळीनं गॅस होतो म्हणता?"

"मी तुमच्याबद्दल बोलतोय."

"माझ्याबद्दल काय बोलायचं ते बोला! डाळीबद्दल बोलायचं काम न्हाई! आंध्रापर्यंत माल जातोय माझा!" त्यांनी मोबाइल खिशात कोंबला. "अंबरीश, पिक्चर बंद. मुंबईच्या हिरोचा बी बंद आन हा बी बंद."

"शेठ, ऐकून तर घ्या..."

 भीमाशंकरांनी मांडीवरचे हात उचलून गुडघ्यांवर ठेवले. दुकान बंद करताना शटर खाली ओढावं तसा त्यांचा चेहरा मिटत गेला. उद्धवला ते पाहवेना. आणि नेमका त्याच वेळी त्याच्या खिशातला मोबाइल वाजला. दाजी जेवले का, हे विचारायला बहिणीचा फोन होता.

टर्रऽऽ.

आतून गंगम्मा भराभर बाहेर आल्या. हातात सुशीलाची ताटली, डोक्यावर पदर.

"अय्यो शिवा! पाव्हणे बसल्यात आन तुमी झोपलाव व्हय?"

मग त्या थांबल्या. नवरा टक्क जागा होता.

टर्रऽऽ. फोन पुन्हा वाजला.

गंगम्मांनी नवऱ्याकडे पाहिलं, उद्धवच्या खिशाकडे पाहिलं, पुन्हा नवऱ्याकडे पाहिलं.

"ह्यांचा आवाज त्या मोबाइलात कुणी घातला?"



"काय बोलायलीस गंगे?" भीमाशंकर म्हणाले.

"काय म्हंजी? लगीन झाल्यापास्नं ऐकायले की. रोज पहाटं. झोपेत. त्यो आला की म्या उठते, दूध तापवायला." मग पाहुणे बसलेत हे आठवून त्यांनी पदर तोंडाला लावला. "आता चारचौघांत कशाला बोलायचं ते."

"पण मालिका लागायची तेव्हा तुम्हाला आवाज ओळखू आला नाही?" अंबरीशनं विचारलं.

"म्या कुठं बघितली वो ती? आपला नवरा टीव्हीवर आसलं काई करतोय म्हनल्यावर बघायचं कसं? ते लागायचं तवा म्या पूजेला बसायची, कान झाकून."

अंबरीशनं तिथूनच मल्लेशला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. आता नाव घरातूनच फुटल्यावर मल्लेशलाही हायसं वाटलं. त्यानं सांगितलं, पहिल्या दिवशी शूटिंगला उशीर झाला, मामा खुर्चीतच झोपले. माइक सदऱ्याला लावलेला होता, चालू होता. "एवढा झकास आवाज पुन्हा कुठं मिळनार? तोच सगळीकडं लावला. पन मामाला कसं सांगू? वडलांच्या जाग्यावर हायत मला."

"मोठा माणूस!" दयानंदराव टाळी वाजवून म्हणाले. "बघा! मी अगदी जवळ पोचलो होतो." ते खरंच जवळ होते. भीमाशंकरांच्या खुर्चीच्या पाठीला टेकून उभे होते.

सगळे हसले. भीमाशंकर मात्र उठून मागच्या अंगणात गेले. थोड्या वेळानं उद्धव त्यांच्यामागे गेला. ते घासलेल्या पातेल्यांशेजारी पायरीवर बसले होते.

"म्हंजी लोकं मला हसतच नव्हती," ते म्हणाले. "म्या आरशाम्होरं हुभा राहून चेहरा करायचो. कुठं थांबायचं, कुठं बोलायचं. आन लोकं हसत हुती ते... त्याला."

 उद्धवला शाळेतले दिवस आठवले. टीव्हीसमोर घरातले सगळे आडवेतिडवे बसलेले, आणि हसून हसून खोकला लागलेले बाबा.

"मामा, आवाज आला की आम्ही श्वास धरून बसायचाव. हसायचाव ते नंतर. तुम्ही काईच झालं न्हाई आसं वाक्य पुरं करायचाव ना, तवा. आवाज तर आमच्या वर्गातबी लई जन काढायचे. तसा चेहरा कुणाला जमला न्हाई."

भीमाशंकरांनी मान वर केली. दारात गंगम्मा उभ्या होत्या.

"रडायलाव कशाला?" त्या म्हणाल्या. "चेहरा बी तुमचा, ते बी तुमचंच. शेजाऱ्याचं हाय का?"

 भीमाशंकरांचं पोट हलायला लागलं. मग ते पातेल्याचा आधार घेऊन हसत सुटले, आणि ते पातेलं गडगडत अंगणभर गेलं.

आत अंबरीशनं श्रीशैलशेठना कसंबसं पुन्हा सोफ्यावर बसवलं. शेठनं एकच अट घातली : आवाज पुन्हा रेकॉर्ड होईल त्याच्या आदल्या दिवशी जेवणात त्यांच्या मिलची डाळ असता कामा नये. गंगम्मांनी हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं केलं. मल्लेश देगलूरहून स्वतः आला. मामांच्या खाटेजवळ माइक लावायला त्यानं दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. पुरावा पळवला जाऊ नये म्हणून दयानंदराव माडग्याचे दोन वाडगे पिऊन दाराबाहेर पहाऱ्याला बसले आणि बसल्या बसल्या झोपले. पहाटे मल्लेशला दोन आवाज मिळाले. त्यातला एक दाराबाहेरून आला होता. तो त्यानं पुसून टाकला.

सिनेमा झाला. हिरो भीमाशंकरच. दयानंदरावांनी नांदेडभर सांगितलं की त्यांना पहिल्याच भेटीत अशिलाचा संशय आला होता, फक्त सभ्यता आडवी आली. उद्धवनं ते ऐकून झेरॉक्सच्या मशीनमध्ये कागद भरले.

पहिल्या खेळाला लातूरच्या थिएटरात मुंगी शिरायला जागा नव्हती. गंगम्मा पहिल्यांदाच नवऱ्याला पडद्यावर बघायला आल्या होत्या. नवी साडी, मांडीवर घट्ट धरलेली पिशवी. शेजारी भीमाशंकर घाम पुसत होते. पडद्यावर मामा गावसभेत उठला, घसा खाकरला.

"जोवर या गावात मी बसलोय, तोवर कुणाचीही शिस्त..."

टर्रऽऽ.

थिएटरानं श्वास धरला.

"...सुटणार नाही."

मग जे छप्पर उडालं! शिट्ट्या, टाळ्या, खुर्च्या बडवणं. श्रीशैलशेठ अंबरीशला मिठी मारत होते. त्या सगळ्या गदारोळात गंगम्मा मात्र शांतपणे उठल्या, पदर खोचला आणि रांगेतून वाट काढायला लागल्या.

"मावशी, खाली बसा की! दिसायलं न्हाई," मागून कुणीतरी ओरडलं.

"गंगे, कुठं निघालीस?" भीमाशंकरांनी त्यांचा हात धरला.

"दूध तापवायला," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी अंधारात इकडेतिकडे पाहिलं, पडद्यावरच्या त्या अढळ चेहऱ्याकडे पाहिलं, आणि मटकन खाली बसून, आख्खं थिएटर हसून झाल्यावर, एकट्याच हसायला लागल्या.