बावन्न पायऱ्या

विद्यापीठाच्या ग्रंथालयाला बावन्न पायऱ्या आहेत, ही गोष्ट सर्वमान्य होती. त्या इमारतीवर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीने पायऱ्या मोजल्या, तेव्हा त्या सत्तेचाळीस भरल्या. तिने पुन्हा मोजल्या. मग शिपायाकडून मोजून घेतल्या. पायऱ्या काही केल्या ऐकेनात.

"मोजल्यास?" मार्गदर्शक सरांनी चष्मा काढला. "कोणाला विचारून? शुक्रवारी प्रबंध गेला नाही, तर वर्ष गेलं समज. विश्वसनीय संदर्भ आण."

"सर, ग्रंथपालबाई तीस वर्षं रोज चढतात. त्याही सत्तेचाळीसच म्हणतात."

"कशावरून?"

"गुडघ्यांवरून."

"गुडघे कुठे छापून आलेत?"

ते कुठेच आले नव्हते. बिचारीने चार दिवस धूळ खाल्ली. माहितीपुस्तिकेत बावन्न होत्या, पण त्या स्मरणिकेच्या हवाल्याने. स्मरणिकेने एका शोधनिबंधाकडे बोट दाखवलं होतं. शोधनिबंध निघाला सरांचाच, आणि त्यात तळटीप होती: 'पाहा, माहितीपुस्तिका.'

तिने तिन्ही कागद सरांपुढे ठेवले. सरांचा चेहरा खुलला.

"बघ! तीन-तीन संदर्भ, आणि मतभेद म्हणून नाही!"

पोरगी हट्टाला पेटली. तिने सत्तेचाळीसच लिहिलं आणि खाली टीप दिली, 'स्वतः मोजल्या.' प्रकरण संदर्भ पडताळणी समितीकडे गेलं. समिती तळमजल्यावर दोन तास बसली. जिन्याकडे कोणी फिरकलं नाही, कारण त्याने मत कलुषित झालं असतं. ठराव एकमताने झाला: मान्यताप्राप्त संदर्भात बदल करता येत नाही, सबब तफावत जागेवर दूर करावी.

गुरुवारपर्यंत गवंड्याने वर पाच पायऱ्या चढवल्या. त्या दाराच्या उंबऱ्यापेक्षा वर जाऊ लागल्या, म्हणून आत जायला पाच उतरत्या बांधल्या. उतरत्या पायऱ्या मोजणीत धरू नयेत, असं परिपत्रक संध्याकाळी निघालं.

ग्रंथपालबाई कठड्याला धरून वर आल्या आणि खाली उतरल्या. धाप टाकत म्हणाल्या, "अगं, माझं चाललं होतं की बरं. मोजल्यास कशाला?"

तिला फार वाईट वाटलं. तिने सत्तेचाळीस खोडून बावन्न लिहिलं. आता ते खरंही होतं. प्रबंध उत्तम शेऱ्यासह मंजूर झाला आणि चौथा संदर्भ म्हणून कपाटात गेला.

समितीला तुम्ही मनसोक्त हसला असाल. पायऱ्या मुळात सत्तेचाळीसच होत्या, याबद्दल तुमच्या मनात शंकाही नाही. असणार कशी? तुम्ही ते छापलेलं वाचलंय.