अंधाराचे प्रमाणपत्र

पळसाच्या फुलांचा रंग आणि चांदीचे अतिसूक्ष्म कण यांपासून गार्गीने मंदातला मंद प्रकाश ओळखणारी पट्टी तयार केली. ती तपासायला पूर्ण अंधार हवा होता. आणि नियम अठरानुसार नागपुरातल्या तिच्या संशोधन संस्थेत अप्रमाणित काहीही वापरता येत नसे. म्हणून तिने अंधारासाठी रीतसर अर्ज केला.

फुलं प्रयोगशाळेतल्या वामनरावांनी मौद्याच्या रस्त्यावरून वेचून आणली होती. पट्टीचं मर्म त्या कीर्तनवेड्या माणसाला लगेच उमगलं. "म्हंजे रंग हा बुवा, अन् चांदी हे टाळकरी. बुवाचा आवाज बारीक असला तरी मागच्यायनं उचलला का देवळाबाहेर ऐकू येते!"

"अगदी तसंच, काका. पण हा बुवा नाजूक आहे. तेज उजेडात रंग उडतो. पळसाचा मोसम संपला, आता ही एकच पट्टी. माझी पीएचडी हिच्यावर."

अंधारामुळे नागरिकांचे हितसंबंध बाधित होण्याची शक्यता विचारात घेऊन संस्थेच्या प्रमाणन समितीने पंधरा दिवसांत हरकती मागवल्या. नोटीस दाराला लागली, वर्तमानपत्रात आली, सगळ्यांच्या मोबाइलवर फिरली.

सोळाव्या दिवशी समितीप्रमुख ताराचंदसाहेब अंधार पाहायला आले. वामनरावांनी दाराच्या फटीतसुद्धा कापूस कोंबला. साहेबांनी फोटो काढला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यात तर काहीच दिसून नाही राहिलं."

"सर, अंधारच आहे तो," गार्गी म्हणाली.

"पण फायलीत अंधार दिसाले पाहिजे ना! वामनराव, तो लग्नाच्या शूटिंगवाल्याचा हॅलोजन आणा."

वामनरावांनी हात जोडले. "साहेब, पट्टीवर माहा दुपट्टा तरी टाकू द्या."

"पाहणीत काही झाकता येत नाही गा!"

हॅलोजन पाऊण तास जळला. अंधाराचे चहूबाजूंनी चौदा फोटो निघाले, एक साहेबांसह. केशरी पट्टी आधी पिवळी पडली, मग कोऱ्या कागदासारखी झाली. त्या लखलखाटातच गार्गीने पट्टीला मीटरच्या तारा जोडल्या. आकडा शून्य.

"पहा!" साहेब खूश झाले. "तुमचं यंत्रही म्हणते, उजेड नाही."

"रडू नको वं बाई," वामनराव पुटपुटले, "फागुनात पळस पुन्हा फुलते." पण प्रबंधाची मुदत याच चैत्राची होती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

प्रमाणपत्र जागेवरच मिळालं. 'अंधार समाधानकारक. वैधता पाच वर्षे.' खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती: 'मुदतीत एकाही नागरिकाची हरकत प्राप्त झाली नाही.'

वामनरावांनी ती दोनदा वाचली. खोटं काहीच नव्हतं. हरकत त्यांनीही पाठवली नव्हती.

तुमची तरी कुठे आली होती?