साऊआजीचा पायगुण

कल्पना करा, तुम्ही नऊ वर्षांच्या आहात. आयुष्यात पहिल्यांदाच सायगॉनला आला आहात, आणि या अख्ख्या शहरात तुम्हाला एकच गोष्ट बघायची आहे: पाणघोडा. नदीवरची बोट नको, काचेचे उंच मनोरे नकोत, फक्त पाणघोडा. कारण वर्गातली एक मुलगी म्हणाली होती की पाणघोडा अख्खं कलिंगड एका घासात फोडतो, आणि तुम्ही सगळ्यांसमोर म्हणून बसलात, “बघून येते आणि सांगते.” प्राणीबागेत कलिंगड सकाळच्या वेळीच देतात. दुपारी तुमची परतीची बस आहे. आता अशी कल्पना करा, की तुमच्या आणि पाणघोड्याच्या मध्ये तुमची आजी उभी आहे, आणि आजी रागावलेली आहे.

झाली कल्पना? मग आता तुम्ही दाओ झालात.

दाओची आजी म्हणजे सा देक गावच्या बाजारातली साऊआजी. कारली आणि भोपळे विकण्यात तिचा जन्म गेला. रागावणं हा तिचा जोडधंदा होता. धाकट्या मुलाचं लग्न ठरलं होतं आणि वरमाईच्या आओ दायसाठी, म्हणजे लग्नात घालायच्या लांब झग्यासाठी, तिला जांभळं रेशीम हवं होतं, तेही सायगॉनचंच. “आधी कापड, मग जनावर,” असं तिने बसमध्येच बजावलं होतं. भाजी भल्या सकाळी चांगली मिळते, म्हणजे कापडही भल्या सकाळीच चांगलं मिळणार, असा तिचा साधा हिशेब. त्यामुळे कापडबाजाराचं लोखंडी दार वर सरकलं, तेव्हा सगळ्यात आधी त्याखालून वाकून आत शिरली ती साऊआजी. तिच्यामागे तिचा मुलगा तोआन, म्हणजे दाओचे बाबा. आणि त्यांचं बोट धरून दाओ.

पहिल्याच गाळ्यात दिएपबाई कापडाचे तागे मांडत होत्या. “या मावशी, या,” त्या म्हणाल्या. “अजून भवानी व्हायचीय. तुमच्याच हातून होऊ दे.”

“माझ्या हातची भवानी म्हणजे काय, ते ठाऊक आहे का तुला?” साऊआजी स्टुलावर बसत म्हणाली. “आमच्याकडे नवीन दुकान निघालं की पहिली खरेदी करायला मला होडी पाठवून नेतात. माझा पाय हलका आहे, पडला की धंदा पळायला लागतो.”

“मग तर माझं नशीबच उघडलं.”

दिएपबाईंनी एक तागा उलगडला. मग दुसरा. मग भिंतीजवळचे, मग फळीवरचे, मग शिडी लावून अगदी वरचे. साऊआजीने प्रत्येक कापड गालाला लावून बघितलं, उजेडात धरून बघितलं, आणि शेवटी जे पहिल्यांदा उलगडलं होतं त्याच्यावर हात ठेवला. दिएपबाईंनी किंमत सांगितली.

“अर्ध्यात दे,” साऊआजी म्हणाली.

“अहो मावशी, सकाळच्या पहिल्या गिऱ्हाइकाने अशी घासाघीस करायची असते का? तुम्ही तर धंद्यातल्याच.”

“म्हणूनच करतेय. माझ्या पायगुणाचे पैसे वजा कर.”

“पायगुणाचे?”

“फुकट असतो का तो?”

दिएपबाई थोड्या खाली आल्या. साऊआजी थोडीही वर गेली नाही. मग ती उठली, पिशवी उचलली आणि चालू लागली. भाव पाडायचा असला की पाठ फिरवून किती सावकाश चालायचं, याचं शास्त्र तिला पक्कं ठाऊक होतं. पावलं अशी टाकायची, की हाक मारणाऱ्याला घाई होऊ नये. ती सावकाश चालली. आणखी सावकाश चालली. हाक आली नाही. वास मात्र आला.

“आजी,” मागे वळून बघत दाओ म्हणाली, “त्या मावशी कागद जाळतायत.”

तोआनने डोळे मिटून घेतले. पुढे काय होणार, हे त्याला दिसलं होतं.

दिवसाचं पहिलंच गिऱ्हाईक सगळा माल चिवडून रिकाम्या हाताने गेलं, तर त्याची अवदसा मालावर बसून राहते. ती घालवायला कागदाचा बोळा पेटवून मालावरून फिरवायचा, हे आमच्याकडे कुठल्याही बाजारात कुणालाही विचारा. साऊआजी स्वतः आठवड्यातून एकदा तरी भोपळ्यांवरून असा कागद फिरवायची. पण तिच्या नावाने कुणी फिरवल्याचं तिने या जन्मात पाहिलं नव्हतं.

ती परत आली तेव्हा सावकाश चालत नव्हती.

“कुणाची अवदसा घालवतेस गं?”

“तुमचं नाव घेतलं का मी?” दिएपबाईंनी विचारलं.

“बाजारात दुसरं कोण आलंय? तो पंखा?”

“हे बघा मावशी, माझी शिडी काढायला लावलीत, फळ्या रिकाम्या करायला लावल्यात, आणि वर माझी भवानी बुडवलीत. कागद नाही जाळणार तर काय आरती करणार?”

“मला अवदसा म्हणतेस? मला होडी पाठवून नेतात.”

“मग होडीतूनच यायचं होतं. चालत कशाला आलात?”

तोआनने आईचा दंड हलकेच धरला आणि तिला पुढच्या गाळ्याकडे नेलं. पण कापडबाजारात बातमी माणसांपेक्षा जोरात चालते. पुढच्या गाळ्यातल्या बाईने त्यांना बघताच रेशमावर वर्तमानपत्र पसरलं. “आजी, जरा नंतर या ना. अजून भवानी व्हायचीय.” त्यापुढची म्हणाली, “जांभळं संपलं.” तिच्या खांद्यावर जांभळा तागा होता. त्यापुढचीने पाठ केली आणि भिंतीशी बोलत बसली. अख्खी गल्ली संपली. साऊआजीला कुणी स्टूलसुद्धा दिलं नाही.

“आई, एक सांगू?” तोआन म्हणाला. “आपण आधी प्राणीबागेत जाऊन येऊ. तोवर या सगळ्यांच्या भवान्या होऊन जातील. मग कोण तुला नाही म्हणतंय?”

दाओने श्वास रोखून धरला.

“म्हणजे हे काळं झालेलं तोंड घेऊन मी पाणघोड्यापुढे उभी राहू?” साऊआजी म्हणाली. “माझा पाय हलका आहे हे इथे सिद्ध होईपर्यंत कुणी कुठे जायचं नाही.”

“ते कसं सिद्ध होणार?”

“मी बसते. बघते त्या कागद जाळणारीकडे गिऱ्हाईक येतं की नाही ते.”

आणि तिने चहावाल्याचं प्लास्टिकचं बुटकं स्टूल ओढून दिएपबाईंच्या गाळ्यासमोर, गल्लीच्या मधोमध ठाण मांडलं. पदर नव्हता म्हणून, नाहीतर खोचलाच असता. तिने गवती टोपी काढली आणि त्या टोपीनेच वारा घेऊ लागली.

आता तुम्हीच विचार करा. तुम्ही सकाळी कापड घ्यायला आलात, आणि दुकानासमोर एक म्हातारी डोळे वटारून, नाक फुगवून बसलेली दिसली, तर तुम्ही आत जाल? दोन परिचारिका आल्या, त्यांनी आजीकडे पाहिलं आणि आपल्याला दुसरीकडे काम असल्याचं त्यांना आठवलं. एक शिंपी आला, तो तिच्या टोपीच्या वाऱ्यातून वाट काढायला गेला आणि “काय बघतोस?” ऐकून उलटा फिरला.

“बघितलंत?” दिएपबाई म्हणाल्या. “तुम्ही बसलाय म्हणून कुणी येत नाही.”

“तू जाळलंस म्हणून कुणी येत नाही.”

“मग परत जाळते.”

“जाळ. अख्खं वर्तमानपत्र जाळ.”

दिएपबाईंनी खरंच अख्खं वर्तमानपत्र घेतलं. धूर छताला लागला, पंख्यांनी तो गल्लीभर वाटला, आणि धुराच्या मागोमाग निळ्या गणवेशातला पहारेकरी खोकत आला.

“कापडबाजारात आग?” तो म्हणाला. “कुणी पेटवली? ज्याने पेटवली त्याचा गाळा आज दिवसभर बंद.”

दिएपबाईंच्या हातातून राख खाली पडली. तोआनला वाटलं, चला, आता आईचा राग निवेल. तिच्या शत्रूला शिक्षा होतेय. आता जाऊ पाणघोड्याकडे.

साऊआजी स्टुलावरून उठली.

“कुणी काही पेटवलेलं नाही,” ती पहारेकऱ्याला म्हणाली. “मला डास चावत होते.”

“म्हणजे तुम्ही पेटवलंत?”

“मी पेटवलं असतं तर तुझी टोपी शिल्लक राहिली असती का? बाजारात बसणाऱ्या बाईची सकाळ बुडवायची म्हणजे काय, ते कळतं का तुला? तुझी आई काय करते?”

पहारेकरी गडबडला. “केळी विकते.”

“मग तिच्या टोपलीपुढे असाच जाऊन उभा राहशील? गाळा बंद म्हणून सांगशील?”

“मावशी, तुम्ही यात पडू नका, मी बघते,” दिएपबाई मध्ये बोलल्या.

“तू गप्प बस. तुझ्यावर मी रागावलेलीच आहे. पण ते आपल्या दोघींमधलं आहे. याचा काय संबंध?”

“माझा संबंध नाही?” आता पहारेकरीही तापला. “आग लागली तर नोकरी माझी जाईल. केळी विकून आईने मला या गणवेशापर्यंत आणलं, ते डासांसाठी नाही.”

मग तिघंही एकदम बोलू लागले. तोआन तिघांच्याही वतीने माफी मागू लागला, पण कुणाची कुणाकडे मागायची हेच त्याला समजेना. दाओने छताजवळच्या घड्याळाकडे पाहिलं. कुठेतरी शहराच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी कलिंगडं हातगाडीवर चढवत असणार. तिने दोन पावलं मागे घेतली, चार पुढे टाकली आणि ती दिएपबाईंच्या गाळ्यापाशी गेली. तिथे कोपऱ्यात केसांना बांधायच्या फिती टांगल्या होत्या. तिने एक पिवळी फीत काढली.

“मावशी, ही केवढ्याला?”

दिएपबाई भांडणातच होत्या. इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांच्या तोंडून किंमत निघून गेली. दाओने खिशातून नव्या वर्षाला भेट मिळालेल्या लाल पाकिटातली नोट काढली आणि दोन्ही हातांनी पुढे धरली.

पहारेकऱ्याचं बोट हवेत तसंच राहिलं. दिएपबाईंनी नोट घेतली, तिच्याकडे पाहिलं, आणि मग सगळ्या ताग्यांवरून ती नोट पंख्यासारखी फिरवली. भवानी झाली होती. तीही पूर्ण किमतीला आणि हसऱ्या मुलीच्या हातून.

“पुढच्या वेळी बाहेर रस्त्यावर जाऊन जाळा,” असं पुटपुटत पहारेकरी निघून गेला. “आईसुद्धा बाहेरच जाळते.”

साऊआजीने वाटेतलं स्टूल उचललं आणि वाट मोकळी झाली. लगेच मघाचा शिंपी आला. मग एक नवरी, नवरीची आई आणि तीन मावश्या आल्या. दिएपबाईंचे हात पुरेनात. त्यातच त्यांनी जांभळं रेशीम कापून साऊआजीपुढे ठेवलं.

“अर्ध्यात नाही हं,” त्या म्हणाल्या.

“पूर्ण पण नाही,” साऊआजी म्हणाली. दोघींनीही तोंड वाकडं केलं, आणि दोघींचंही समाधान झालं.

“आजी,” दाओ म्हणाली, “आता पाणघोडा.”

पण गल्लीने सगळं पाहिलं होतं. जिने रेशमावर वर्तमानपत्र पसरलं होतं, तीच पुढे आली. “बाळ, इकडे ये गं. माझ्याकडे भवानी कर. एक बटण घे, तेवढंच पुरे.” दुसरी म्हणाली, “आधी माझ्याकडे, मी जवळ आहे.” भिंतीशी बोलणारी आता भिंत सोडून आली होती.

“सकाळी मला हाकललंत तेव्हा कुठे होती ही माया?” साऊआजी कडाडली. पण कुणीतरी तिच्या पाठीमागे खुर्ची सरकवली. कुणीतरी हातात बर्फ घातलेली कॉफी दिली. ती रागारागातच बसली आणि रागारागातच कॉफी प्यायली. “पायगुण आमच्या घराण्यातच आहे. पोरगी माझ्या वळणावर गेलीय. हे बघा, ढकलाढकली करायची नाही. एकेक गाळा घेऊ. या टोकापासून त्या टोकापर्यंत.”

दाओने गल्लीचं ते टोक पाहिलं. ते दिसतच नव्हतं. तिने बाबांकडे पाहिलं. बाबा स्वतःच्या चपला बघत होते.

मग दाओलाही राग आला. खरा, सणसणीत, कानापर्यंत चढणारा. पण आरडाओरडा करायला त्या बाजारात आधीच पुष्कळ माणसं होती. ती पहिल्या गाळ्यासमोर जाऊन ताठ उभी राहिली. शाळेत गुरुजींसमोर उभं राहताना करतात तसे तिने दोन्ही हात छातीशी बांधले, मान लववली, आणि धडा म्हणून दाखवावा तशा स्वच्छ आवाजात म्हणाली, “मावशी, आमच्या घरी मोठ्यांच्या आधी लहानांनी कशाला हात लावायचा नसतो. आधी आजीला बसवा. आजीची भवानी झाली, की मग मी.”

“ऐकलंत?” साऊआजी खुर्चीतून उठली. तिचा ऊर भरून आला होता. “याला म्हणतात वळण. काढ बघू तो वरचा तागा.”

गाळेवालीने दाओकडे पाहिलं. मोठ्यांचा मान राखणाऱ्या मुलीला कोण काय बोलणार? मग तिने साऊआजीकडे पाहिलं.

“अगं बाई,” ती म्हणाली, “माझी तर भवानी मघाशीच झाली की. विसरलेच मी.”

दाओ दुसऱ्या गाळ्यासमोर गेली. हात छातीशी, मान खाली. “आधी आजी.” दुसरीचीही भवानी झालेली होती. तिसरीची तर काल रात्रीच झालेली होती. चौथीने पडदाच ओढला. दाओ एकही गाळा न वगळता, प्रत्येकीपुढे तितक्याच अदबीने वाकत गल्लीतून पुढे गेली, बाजाराच्या दारापर्यंत पोहोचली, तिथे तिने छातीशी बांधलेले हात सोडले, आणि ती जी धावत सुटली ती प्राणीबागेच्या बसथांब्यापर्यंत थांबली नाही.