नानांचं नवं कुलूप

आमचे शेजारी नाना घराला कुलूप लावत, ओढून बघत, फाटकापर्यंत जात, परत येऊन पुन्हा ओढत आणि मग मला हाक मारत, "मास्तर, जरा तुम्ही ओढा. माझ्या हातावर माझा विश्वास नाही." मी ओढायचो. मग नाना निश्चिंत मनाने मिरकरवाड्याला बांगडे आणायला जायचे.

नानी गेल्यापासून नाना एकटेच. घरकामाला पंधरा वर्षं शेवंता होती. नानींच्या शेवटच्या आजारात तिनेच त्यांचं सगळं केलं. पुढे लेकीच्या बाळंतपणाला म्हणून मालगुंडला गेली आणि नातवात अडकली. काम सुटलं, पण मागच्या दाराची चावी तिच्याकडेच राहिली. मुंबईच्या मुलाला हे कळलं आणि त्याचं अंतर्देशीय आलं, 'आधी कुलूप बदला.'

झालं! आधीच मर्कट, तशात मद्य प्याला! नाना रोज मागच्या दाराबाहेर चुलीतली राख पसरून पावलं तपासू लागले. मांजराची उमटली, माझी उमटली. एकदा त्यांची स्वतःचीच उमटली आणि दुपारपर्यंत मोठ्या पायाच्या चोराचा शोध चालला.

"शेवंतावर संशय आहे तुमचा?" मी जरा रागानेच विचारलं.

"छे हो! बाई सोन्यासारखी. माणूस चांगला, पण चावी वाईट!"

अखेर सात लिव्हरचं कुलूप आलं. मी ते ओढूनही दिलं, पण मनातून मला ते आवडलं नाही. सोमवारी नानांनी लाखेने सील केलेलं एक पुडकं माझ्या हातात ठेवलं. मी मालगुंडच्या शाळेत शिकवायला रोज यष्टीने जात असे. "शेवंताला द्या. वाटेत उघडू नका."

मधल्या सुट्टीत मी तिच्या घरी गेलो. शेवंताने पुडकं फोडलं. आत एक कोरी चावी आणि चिठ्ठी. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मीच वाचली.

'शेवंता, कुलूप बदललं आहे. तुझी चावी आता लागणार नाही. तू आलीस आणि दार उघडलं नाही, तर तुला वाटेल, नानांनी मला परकी केली. म्हणून नवी पाठवतो. पोराला घेऊन ये. घरात कोणी बोलत नाही.'

मला आधी हसू आलं. मग माझी मलाच लाज वाटली.

शेवंताने डोळ्यांना पदर लावला. "सांगा नानांना, रविवारी येतंय. पोराला पन आनतंय. तुमी उठू नका म्हनावं, दार मीच उघडीन."

संध्याकाळी मी निरोप दिला. नाना नुसतं "बरं" म्हणाले. थोड्या वेळाने कुंपणाशी येऊन त्यांनी विचारलं, "मास्तर, पोर रांगत असेल ना आता? मागच्या पायऱ्या फार उंच आहेत हो. तुमच्याकडे एखादी फळी आहे का?"